शून्य गळती

कागद पुढे आला की आपण एकच विचारतो, सही कुठे करायची? घरभाड्याचा करार असो, मुलाच्या शाळेचा अर्ज असो, नाहीतर दवाखान्यातलं संमतिपत्र असो. समोरचा माणूस पेन्सिलीने फुली मारून देतो आणि आपण त्या फुलीवर नाव गिरवून मोकळे होतो. यात आपलं चुकतंच, पण फुली मारणाऱ्याचंही चुकतं. ही गोष्ट अशाच फुल्या मारणाऱ्या एका बाईची आहे. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. वाईट माणसांच्या गोष्टी ऐकून आपण हात झटकतो आणि घरी जातो, म्हणून मुद्दाम सांगते.

ती एका विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेत, संशोधन विभागात सिस्टर होती. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या मागे तिची खोली. खिडकी नाही. रक्ताच्या नळ्या ठेवायचा फ्रीज दिवसभर घुरघुरायचा. दोन कपाटं, एक वजनकाटा, एक टेबल आणि रुग्णांसाठी तीन खुर्च्या, त्यांतली एक डुगडुगणारी. ती डुगडुगणारी खुर्ची सिस्टर स्वतःसाठी ठेवायची. रुग्णाला कधी द्यायची नाही.

या खोलीत नव्या औषधाची चाचणी चालू होती. संधिवाताने ज्यांच्या हाताची बोटं आखडली आहेत, त्यांच्यासाठी एक नवी गोळी. चौऱ्याऐंशी माणसं निवडलेली. प्रत्येकाने वर्षभर रोज एक गोळी घ्यायची, महिन्यातून एकदा यायचं, रक्त द्यायचं, काही त्रास होतो का ते सांगायचं आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं परत करायची. सिस्टर ती पाकिटं मोजायची, कागदी पिशवीत घालून वर माणसाचा नंबर टाकायची आणि कपाटात ठेवायची. एवढं काटेकोर काम त्या इमारतीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

अशा अभ्यासातून काही माणसं मध्येच निघून जातात. त्याला तिथे 'गळती' म्हणत. शेजारच्या विभागात शंभरातले पंचवीस गळाले होते. सिस्टरच्या भिंतीवर मात्र एक तक्ता होता आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गळती : शून्य'. विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, बाहेरून कुणी पाहुणे आले की आधी त्यांना या तक्त्यासमोर आणून उभे करायचे. "आमच्या सिस्टरकडून माणूस सुटत नाही!" असं म्हणायचे आणि मनापासून हसायचे. सिस्टरही हसायची.

माणूस सुटत नव्हता तो कसा? तर ती सगळ्यांची नाती लावायची. काका, मावशी, दादा. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या जावयाने नोकरी सोडली, सगळं तिच्या तोंडपाठ. येण्याची तारीख चुकली की फोन, फोन उचलला नाही की शेजाऱ्याला फोन. आणि एवढ्यानेही भागलं नाही, कुणी अगदीच "सिस्टर, मला आता हे नको" म्हणालं, तर तिच्याकडे एक वाक्य होतं. ती आवाज न चढवता म्हणायची, "अहो, सही केलीय ना तुम्ही? आता मध्येच नाही सोडता येत."

हे वाक्य खोटं होतं. संमतिपत्राच्या सहाव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं, की या अभ्यासातून कधीही, काहीही कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे या रुग्णालयातल्या तुमच्या किंवा कुटुंबीयांच्या उपचारांत काडीचाही फरक पडणार नाही. सिस्टरला ते पान पाठ होतं. पण ती नवी होती तेव्हा आधीच्या सिस्टरने तिला जे पहिलं शिकवलं ते हेच, की सहावं पान पटकन उलटायचं. ते वाचून दाखवलंस तर माणसं उगाच विचारात पडतात. तेव्हापासून ती उलटत आली. त्यात काही वाईट आहे असं तिला वाटायचंच बंद झालं होतं.

आणि तिचं तरी काय मोकळं होतं? तिची नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. दर वर्षी मोठ्या सरांची सही झाली तर पुढे, नाहीतर घरी. घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि आईचे सगळे उपचार कर्मचाऱ्यांच्या सवलतीत इथेच. तक्त्यावरचं शून्य पुसलं गेलं तर काय काय पुसलं जाईल, हे ती जाणून होती. सकाळी आईचं अंग पुसून, तिला पेज भरवून ती निघायची आणि दिवसभर त्या बिनखिडकीच्या खोलीत शून्याची राखण करत बसायची.

चौऱ्याऐंशीतल्या एक होत्या काजाच्या मावशी. कपडे शिवण्याच्या कारखान्यात त्या सदऱ्यांना काजं करायच्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्यांचे यजमान याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचे. चौथ्या महिन्यात मावशी आल्या त्या उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधून.

"हे काय केलंत मावशी?"

"सुई गेली हो आरपार."

"अगंबाई! मग?"

"मग काय, मला कळलंच नाही. कापडावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. सिस्टर, दुखणं कमी आहे, नाही म्हणत नाही मी. पण बोटाची टोकं मेल्यासारखी झालीत. धागा हातात आहे की नाही ते बघावं लागतं. ही गोळी नको मला. मला सोडा यातून."

खरं तर तिथल्या तिथे हे सगळं 'त्रास' या रकान्यात लिहायला हवं होतं. पण त्रास लिहिला की डॉक्टरांची तपासणी, तपासणी झाली की गोळी बंद, आणि गोळी बंद म्हणजे गळती. सिस्टरने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"काम करून करून होतं असं. आणि मावशी, सही केलीय ना तुम्ही? आता मध्येच नाही सोडता येत."

मावशींची नजर दाराकडे गेली, मग खाली फरशीकडे. फरशीच्या खाली दुसरा मजला होता आणि त्या मजल्यावर एका मशीनला जोडलेला त्यांचा नवरा. "बरं," त्या म्हणाल्या. त्यानंतर पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यात मावशी वेळेवर आल्या, रिकामी पाकिटं मोजून दिली, आणि काही त्रास होतो का म्हटल्यावर दरवेळी "नाही" एवढंच म्हणाल्या. बडबड्या मावशींच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. सिस्टरला वाटलं, चला, सवय झाली!

सगळं इतकं छान चाललं होतं, की मोठ्या सरांनी पुढचं पाऊल ठरवलं. कुणालाच त्रास नाही म्हणजे गोळी निर्धोक आहे. तेव्हा येत्या सोमवारपासून चाळीस नवे रुग्ण घ्यायचे आणि त्यांना दुप्पट मात्रा द्यायची.

त्याआधी एक सोपस्कार उरला होता. विद्याशाखेची नैतिकता समिती वर्षातून एकदा येऊन कागद बघायची. समितीत डॉक्टर असत, वकील असत, आणि नियमाने एक साधा नागरिक असावा लागे. तो नागरिक म्हणजे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. जन्मभर दुकानांतले तराजू तपासले म्हणून सगळे त्यांना वजनकाका म्हणत, आणि अंगाने मात्र काडीपैलवान. बैठकीत ते फारसं बोलत नसत आणि बिस्किटं मात्र एकही ठेवत नसत, अशी त्यांची ख्याती होती. त्या गुरुवारी समितीतल्या डॉक्टरांना परीक्षेचं काम लागलं आणि एकटे वजनकाका आले. सिस्टरने सुटकेचा निःश्वास टाकला. चहा, बिस्किटं, सही आणि निरोप!

काका फायलींना हातही लावेनात. म्हणाले, "मला यातलं ओ की ठो कळत नाही. ती पाकिटं दाखवा."

"रिकामी पाकिटं? त्यात काय बघायचं काका?"

"दाखवा तर खरं. हातात धरता येईल अशी वस्तू असली की मला बरं वाटतं."

सिस्टरने काही पिशव्या टेबलावर ओतल्या. काका एकेक पाकीट उचलून उजेडात धरायला लागले. मग त्यांनी त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगातली पाकिटं मळलेली, दुमडलेली, कुणावर चहाचा डाग, कुणाच्या कडा फाटलेल्या. दुसऱ्या ढिगातली कोरी करकरीत, चंदेरी कागद एकसारखा फुटलेला.

"ही पहिली पाकिटं महिनाभर कुणाच्या तरी खिशात, पिशवीत, उशाखाली राहिलीत," काका म्हणाले. "ही दुसरी एका बैठकीत रिकामी केलीत. कदाचित आदल्या संध्याकाळी. जो तराजू फार चकचकीत, तो मी नेहमी दोनदा तपासायचो."

"म्हणजे? गोळ्या घेतल्याच नाहीत म्हणता?" सिस्टरने विचारलं.

"मी काहीच म्हणत नाही. हा वरचा नंबर कुणाचा?"

नंबर काजाच्या मावशींचा होता. आणि मावशी त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, आठव्या महिन्याची पाकिटं मांडीवर घेऊन.

काकांनी विचारलं, एक प्रश्न विचारला तर चालेल का? सिस्टरला नाही म्हणता येईना. मावशी आत आल्या. काका उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली आणि अगदी सहज विचारलं, "ताई, समजा तुम्हाला उद्यापासून इथे यायचं नसलं, तर काय कराल?"

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी सिस्टरकडे पाहिलं, मग पाकिटं घट्ट धरली. "मी कुठे म्हटलं यायचं नाही म्हणून? मी येतेच आहे की! वेळेवर येते. आणि आता मध्येच सोडता येत नाही, मला माहितीय. सही केलीय मी." मग आवाज अगदी खाली गेला. "साहेब, ह्यांचं मशीन बंद करू नका हो."

सिस्टर जागच्या जागी थिजली. मशीन बंद करू, असं ती कधी म्हणाली नव्हती. स्वप्नातसुद्धा म्हणाली नसती! पण मशीन बंद होणार नाही, असंही ती कधी म्हणाली नव्हती. ते सहाव्या पानावर होतं, आणि सहावं पान तिने उलटलं होतं.

काकांनी मावशींना दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर सिस्टर घाईघाईने म्हणाली, "काका, मी फक्त अभ्यास सांभाळत होते. माणसं गळाली तर औषध कसं सिद्ध होणार? उद्या हजारो लोकांना उपयोग होणार आहे त्याचा."

"होईल ना. पण मला एक सांगा, काटा खोटा करायची सगळ्यात सोपी रीत कोणती? पारड्याला खालून बारीक दोरा बांधायचा. वरून बघाल तर पारडं जागच्या जागी, काटा मधोमध. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. पण ते पारडं वजन करत नाही, नुसतं उभं असतं. तुमची चौऱ्याऐंशी माणसं अशी बांधून ठेवलीत तुम्ही. ती हलत नाहीत याचा तुम्हाला आनंद. अहो, ज्याला जायची मुभा नाही तो खरं कशाला बोलेल? तो तुम्हाला हवं ते बोलेल आणि स्वतःला हवं ते करेल. त्या बाई फसवत नाहीत तुम्हाला. त्या जीव वाचवतायत, स्वतःचा आणि नवऱ्याचा."

सिस्टरला रडू आलं आणि रागही आला. "तुम्हाला बोलायला काय जातंय? माझा करार याच महिन्यात संपतोय. माझी आई इथल्या उपचारांवर आहे. मला कुठे जायची मुभा आहे?"

काकांनी पुढची बिस्किटांची बशी बाजूला सारली. "हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मग तर त्या बाईंच्या जिवाचं काय होत असेल, ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल. मी माझ्या अहवालात पाकिटांबद्दल लिहीन, ते माझं कामच आहे. पण त्यांना सांगायचं काम तुमचं. माझ्या तोंडून ऐकून त्यांचा विश्वास बसणार नाही. बांधलं तुम्ही, सोडायचंही तुम्हीच."

ते गेले. सिस्टर डुगडुगत्या खुर्चीत बसून राहिली. अजूनही वेळ गेली नव्हती. मावशींना आत बोलवायचं, रक्त घ्यायचं, 'त्रास : नाही' लिहायचं. काकांचा अहवाल कुणी फार मनावर घेतलाच नसता. आणि सोमवारी चाळीस माणसं त्याच फुलीवर सह्या करून दुप्पट गोळी घरी घेऊन गेली असती. कुणी काजं करणारी असेल, कुणी सुतार असेल, कुणी तान्ह्या नातवाला आंघोळ घालणारी आजी असेल. पाणी किती कढत आहे ते बोटांना कळणारच नाही! सिस्टरने उठून दार उघडलं.

"मावशी, या. बसा." तिने संमतिपत्र काढलं, सहावं पान उघडलं आणि बोट ठेवून सावकाश, एकेक शब्द वाचून दाखवला. मग म्हणाली, "तुम्हाला कधीही जाता येतं. पहिल्या दिवसापासून येत होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुमच्या यजमानांचं मशीन बंद होणार नाही, त्याचा आणि याचा काही संबंधच नाही. मला माफ करा."

मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात विश्वास नव्हता. "म्हणजे, आत्ता उठून गेले तरी चालेल?"

"आत्ता गेलात तरी."

मावशी उठल्या. पाकिटं टेबलावर ठेवली, पिशवी उचलली आणि खरंच बाहेर गेल्या. जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांच्या चपला वाजल्या. चार, पाच, सहा. मग आवाज थांबला. कुणी हाक मारतं का, कुणी मागे धावतं का, याची त्या वाट बघत होत्या. सिस्टर जागेवरून हलली नाही. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

बऱ्याच वेळाने मावशी परत दारात आल्या. आत येऊन बसल्या आणि बांध फुटावा तशा बोलायला लागल्या. "चार महिने गोळ्या न्हाणीघराच्या मोरीत टाकल्या मी. तुम्ही नाही म्हणालात, त्याच दिवसापासून. दुखायचं इतकं, की पहाटे मूठ उघडायची नाही. पण सुई तरी कळायला लागली. दोन बोटं अजून मेलेलीच आहेत, ही बघा. रोज वाटायचं पकडतील. कारखान्यात काम कमी दिलंय मला, ते घरी सांगितलं नाही. आणि सिस्टर, तुमच्याशी खोटं बोलायला मला अजिबात आवडत नव्हतं हो. तुम्ही मला नेहमी चांगली खुर्ची देता."

सिस्टर लिहीत होती. 'त्रास' हा रकाना पुरला नाही, तिने मागचं पान घेतलं.

तो कागद घेऊन ती मोठ्या सरांकडे गेली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे तुम्ही लिहिलंत? सोमवारी आपण दुप्पट मात्रा सुरू करतोय, हे माहितीय ना?"

"म्हणूनच आज आले सर."

"तुमच्या कराराचा कागद याच टेबलावर आहे, हेही माहितीय ना?"

"माहितीय."

सरांचा आवाज चढला. "अहो, मग चार महिन्यांपूर्वी का नाही सांगितलंत? मी काय राक्षस आहे? मी कधी म्हटलं होतं खोट्या नोंदी करा म्हणून?"

"नाही म्हणालात सर. पण तुम्हाला 'नाही' सांगितलेलं चालतं, हेही तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

सरांच्या विभागात आठ वर्षांत कुणीही त्यांना नाही म्हटलं नव्हतं, आणि याचा अर्थ आपण फार चांगलं काम करतो, असाच त्यांनी घेतला होता. त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. या वेळी हळू वाचला. मग फोन उचलून सांगितलं, "सोमवारचं थांबवा. हो, सगळंच. आणि त्या बाईंना आजच मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे घेऊन जा." फोन ठेवून ते सिस्टरला म्हणाले, "बाकीच्या त्र्याऐंशी जणांना सांगावं लागेल."

"सांगते सर."

कराराबद्दल ते काही बोलले नाहीत. तिनेही विचारलं नाही.

मित्रहो, संशोधन थांबावं असं मी म्हणत नाही. आज आपण जी औषधं घेतो, ती कुणीतरी आधी स्वतःवर तपासू दिली म्हणूनच आपल्यापर्यंत आली. त्या माणसांचे उपकार मोठे आहेत. पण उपकार करणाऱ्याला कोंडून ठेवू नका! दवाखाना असो, कचेरी असो, नाहीतर घर असो, जिथे माणसाला नाही म्हणायची भीती वाटते, तिथल्या 'हो'ला काही किंमत नसते. माणूस टिकवायचा असेल तर त्याला आधी सांगा, की तू जाऊ शकतोस. सांगताना आपल्या पोटात गोळा येईल. येऊ दे. आणि कागद आपल्या पुढे आला, तर सही कुठे करायची हे विचारण्याआधी विचारा, मला यातून बाहेर कसं पडता येईल? हे विचारायला लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने सकाळी नऊला पहिला फोन लावला. एकेकाला सहावं पान वाचून दाखवलं, मी खोटं बोलले होते असं सांगितलं, आणि पलीकडून शिव्या येतील म्हणून दरवेळी डोळे मिटून घेतले. दोघांनी शिव्या दिल्याही. सतरा जणांनी, आता आम्ही येणार नाही, असं सांगितलं. पण त्र्याऐंशींपैकी एकतीस जणांनी जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, "सिस्टर, मग आता खरं सांगू का?"